मोबाइल ठप झाले तरी लागणारी हजेरी… हॅम रेडिओवरील ‘नेट’ म्हणजे काय? ते कसे चालते?

चक्रीवादळ, महापूर किंवा भूकंपात मोबाइल यंत्रणा कोलमडली, की ‘हॅम रेडिओवाले मदतीला धावले’ अशी बातमी हमखास वाचायला मिळते. संकटाच्या दिवशी हे लोक एकमेकांना इतक्या लवकर कसे सापडतात, कोणी कधी बोलायचे हे कसे ठरते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. त्याचे उत्तर एरवीच्या साध्या दिवसांत दडलेले आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर हॅम मंडळी एकत्र येतात. एकेकाची हजेरी लागते, चार वाक्यांची देवाणघेवाण होते आणि थोड्या वेळात सगळे आपापल्या कामाला लागतात. या बैठकीला ‘नेट’ म्हणतात. वरवर कंटाळवाणी वाटणारी ही हजेरी आपत्तीच्या वेळी कशी उपयोगी पडते, याविषयी…

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ. परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेली व्यक्ती स्वतःच्या घरातून, स्वतःच्या यंत्रावरून बिनतारी संदेश पाठवू आणि घेऊ शकते. आकाशवाणीच्या केंद्रासारखे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असे येथे नसते. दोन्ही बाजूंनी बोलणे होते. हेतू मात्र प्रयोग, शिक्षण आणि सेवा एवढाच असावा लागतो. व्यवसायासाठी हा रेडिओ वापरता येत नाही, त्यावरून गाणी वाजवता येत नाहीत आणि सांकेतिक भाषेत गुप्त बोलणेही चालत नाही. जे बोलायचे ते कोणालाही ऐकता येईल असे.

भारतात ही सेवा १९७८ च्या हौशी सेवा नियमांनुसार चालत आली आहे. परीक्षा आणि परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगच्या अखत्यारीत येतो. परवान्यासोबत प्रत्येकाला जगात एकमेव असे संकेतनाम, म्हणजे कॉल साइन मिळते. भारतीय हॅमचे कॉल साइन साधारणपणे ‘व्हीयू२’ किंवा ‘व्हीयू३’ने सुरू होते. रेडिओवर माणसाची ओळख त्याच्या नावाआधी या अक्षरांनी होते.

मग ‘नेट’ म्हणजे नेमके काय?

‘नेट’ हा नेटवर्कचा लघुरूपातील शब्द. त्याचा इंटरनेटशी संबंध नाही. इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीपासून तो बिनतारी जगात रूढ आहे. एरवी हॅम रेडिओवरचा संवाद योगायोगावर चालतो. एकाने साद घालायची, कोणी ऐकली तर उत्तर मिळते. नेटमध्ये योगायोग काढून टाकलेला असतो. वेळ ठरलेली, फ्रिक्वेन्सी ठरलेली आणि बैठक चालवणारे केंद्रही ठरलेले. या केंद्राला ‘नेट कंट्रोल’ म्हणतात.

काही नेट गावापुरती असतात, काही देशभराची, तर काही अनेक देशांना जोडणारी. हैदराबादचे ‘चारमिनार नेट’ भारतीय हॅम मंडळींत परिचित आहे. आग्नेय आशियातील देशांना जोडणारे ‘सीनेट’ १९६४ मध्ये सुरू झाले. ते रोज १४.३२० मेगाहर्ट्झवर, जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ वाजता, म्हणजे भारतात सायंकाळी साडेपाचला भरते. तातडीचे आणि वैद्यकीय निरोप पोहोचवता यावेत, हा त्यामागचा मूळ उद्देश.

नेट दोन प्रकारची असतात. मुक्त नेटमध्ये सहभागी मंडळी एकमेकांशी थेट बोलतात. नियंत्रित नेटमध्ये मात्र नेट कंट्रोलच्या परवानगीशिवाय कोणी बोलायचे नसते. आपत्तीत उपयोगी पडते ते हे दुसरे रूप. म्हणून बहुतेक नियमित नेट शांततेच्या काळातही त्याचाच सराव करतात.

नेट प्रत्यक्षात कसे चालते?

वेळ होण्याच्या थोडे आधी नेट कंट्रोल ती फ्रिक्वेन्सी ऐकतो. तेथे कोणाचे बोलणे सुरू नाही ना, हे विचारतो. फ्रिक्वेन्सी कोणाच्या मालकीची नसते, त्यामुळे रोजच्या नेटलाही आधी विचारावेच लागते. जागा मोकळी असेल तर तो नेटचे नाव, आपले कॉल साइन आणि ठिकाण सांगून नेट सुरू झाल्याचे जाहीर करतो.

त्यानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणाकडे तातडीचा निरोप आहे का? वर्षातले बहुतेक सगळे दिवस या प्रश्नाला उत्तर येत नाही. तरीही तो रोज विचारला जातो आणि त्यानंतर काही क्षण शांतता पाळली जाते. ज्या दिवशी उत्तर येईल, त्या दिवशी त्याला वाट मोकळी असावी, एवढ्यासाठी.

मग हजेरी, म्हणजे ‘चेक-इन’. नेट कंट्रोल एकेक भाग पुकारतो किंवा यादीतील कॉल साइन क्रमाने घेतो. समजा, कोल्हापूरचा एक हॅम हजेरी लावतो. तो फक्त आपले कॉल साइन सांगतो आणि थांबतो. नेट कंट्रोल ते पुन्हा उच्चारतो, वहीत नोंदवतो आणि त्याला बोलायला सांगतो. मग कोल्हापूरकर आपले नाव, ठिकाण, नेट कंट्रोलचा आवाज कसा येतो, तेथील हवामान आणि काही सांगायचे असल्यास ते थोडक्यात सांगून ध्वनिक्षेपक परत देतो. कोणाला दुसऱ्या एखाद्याशी सविस्तर बोलायचे असेल तर परवानगी घेऊन दोघेही दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जातात, बोलणे संपवून परततात. मुख्य फ्रिक्वेन्सी अडवून ठेवायची नाही, हा शिरस्ता.

एखादे केंद्र नेट कंट्रोलला अस्पष्ट ऐकू येत असेल तर तो मधल्या कोणाला विचारतो, ‘तुम्हाला ऐकू येते का?’ मधला हॅम ते बोलणे ऐकून शब्दशः पुढे सांगतो. याला ‘रिले’ म्हणतात. नेट कंट्रोलची वीज गेली किंवा त्याचा संकेत क्षीण झाला तर सूत्रे घ्यायला एक पर्यायी नेट कंट्रोल असतो. शेवटी उशिरा आलेल्यांना संधी दिली जाते, फ्रिक्वेन्सी मोकळी केल्याचे जाहीर होते आणि नेट संपते.

बोलण्याची भाषा इतकी ठरीव का?

मोबाइलवर दोघे एकाच वेळी बोलले तरी दोघांनाही ऐकू येते. हॅम रेडिओवरील बोलणे सामान्यतः एका वेळी एकाच दिशेने चालते. बोलण्याचे बटण दाबलेले असताना समोरचे काहीच ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्याच्या कानावर गोंगाट पडतो किंवा एकाचा आवाज दुसऱ्याखाली दबून जातो. गंमत म्हणजे ज्यांनी हा गोंधळ घातला त्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ‘ओव्हर’ म्हणून पाळी देणे, दोन बोलण्यांमध्ये क्षणभर थांबणे आणि पुकारल्याशिवाय न बोलणे, हे नियम आले. मध्ये थांबल्याने तातडीचा निरोप असलेल्याला ‘ब्रेक’ म्हणून शिरता येते.

अक्षरांचेही तसेच. खरखरीत ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘टी’ सारखेच ऐकू येतात. म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो असे शब्द वापरले जातात. ‘व्हीयू’चे ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ होते. आवाज कसा येतो हे दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा बोलणे किती समजते याचा, १ ते ५. दुसरा संकेत किती जोरकस आहे याचा, १ ते ९. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे सर्व काही उत्तम. ‘थ्री फोर’ असेल तर बोलणारा आपोआप सावकाश आणि कमी शब्दांत बोलू लागतो.

‘क्यू’ने सुरू होणारे संकेत विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांवरील तारायंत्रासाठी तयार झाले. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे निरोप मिळाला, क्यूआरएम म्हणजे इतर केंद्रांचा अडथळा, क्यूएसबी म्हणजे आवाज कमीजास्त होणे. निरोप घेताना म्हटले जाणारे ‘सेव्हंटी थ्री’ तर त्याहूनही जुने, एकोणिसाव्या शतकातील तारबाबूंचे. मोर्स येत नसलेला आजचा तरुण हॅमही हे संकेत वापरतो, कारण भाषा वेगळी असली तरी त्यांचा अर्थ सर्वांना कळतो.

वेळ आणि फ्रिक्वेन्सी कशी ठरते?

यात सोयीचा भाग थोडा आणि निसर्गाचा जास्त. साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झमधील लघुलहरी आकाशात जाऊन आयनांबराच्या थरांवरून वळतात आणि दूरवर जमिनीवर परततात. हे थर सूर्यप्रकाशाने तयार होतात. त्यामुळे ते दिवसा वेगळे, रात्री वेगळे. ७ मेगाहर्ट्झचा पट्टा दिवसा काही शे किलोमीटरच्या अंतरासाठी चांगला. महाराष्ट्र आणि शेजारची राज्ये त्यात सहज येतात. सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो, लहरी खूप लांब पोहोचू लागतात आणि परदेशी केंद्रांची गर्दी होते. १४ मेगाहर्ट्झचा पट्टा मुख्यतः लांब पल्ल्याचा.

यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. पुण्यातील हॅमला एखाद्या वेळी कोलकाता स्वच्छ ऐकू येते, पण साताऱ्याचा पत्ता लागत नाही. सातारा जमिनीवरून जाणाऱ्या लहरींच्या टप्प्याबाहेर असते आणि आकाशातून येणाऱ्या लहरी त्याच्या डोक्यावरून पुढे जातात. अशा वेळी कोलकात्याचा हॅम पुणे आणि सातारा यांच्यात रिले करतो. जवळच्या दोघांचा दुवा दूरचा तिसरा ठरतो, तो असा. ७ मेगाहर्ट्झवर अँटेना जमिनीपासून फार उंच न लावता लहरी जवळजवळ सरळ वर पाठवल्या तर त्या पावसाच्या सरीसारख्या आसपासच्या प्रदेशात परततात. डोंगरदऱ्यांच्या मुलखात ही युक्ती मोलाची.

शहरांतील स्थानिक नेट बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात भरतात. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. त्यावर उपाय म्हणजे उंच जागी बसवलेला रिपीटर. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. त्यामुळे पाच वॉटचा हातातला संचही दोन खोऱ्यांपलीकडे पोहोचतो. मात्र रिपीटरची वीज गेली तर काय, याचाही विचार नेटमध्ये करावा लागतो. म्हणून अधूनमधून रिपीटरशिवाय, थेट संपर्काचा सराव घेतला जातो.

रोजच्या नेटमधून या सगळ्याची माहिती अंगवळणी पडते. कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी, कोणत्या गावाशी कोणत्या पट्ट्यावर संपर्क होतो, हे पुस्तकातून पूर्ण कळत नाही. वर्षभराच्या हजेरीच्या वहीतून कळते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना याची गरज काय?

मोबाइलवरून शेजारच्या घरी पाठवलेला निरोपही टॉवर, फायबर, विदाकेंद्र अशा साखळीतून फिरून येतो. साखळीतील एक कडी तुटली की सगळे थांबते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड भागांत वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस विस्कळीत होती. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरातही नातेवाइकांचे फोन लागत नसल्याने लोक हवालदिल झाले होते. टॉवर उभा असला तरी वीज गेली की त्याची बॅटरी काही तासांत संपते आणि रस्ते बंद असतील तर जनरेटरसाठी डिझेल पोहोचत नाही.

हॅम केंद्राला अशी साखळी लागत नाही. १२ व्होल्टची मोटारीची बॅटरी, रेडिओ संच आणि ७ मेगाहर्ट्झसाठी दोन झाडांमध्ये ताणलेली सुमारे २० मीटर तार, एवढ्यावर शेकडो किलोमीटर दूरचे बोलणे होते. मधे कोणतीही कंपनी नसते.

दुसरा फरक कमी लक्षात येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात २०० जण असतात आणि त्यातील एखादा चार दिवस गप्प राहिला तर कोणाला कळत नाही. नेटमध्ये प्रत्येक नाव पुकारले जाते. उत्तर आले नाही तर त्याचीही नोंद होते. रोज हजर असणारा दोन दिवस आला नाही तर कोणीतरी चौकशी करतेच. न आलेला निरोप हाही येथे निरोप असतो.

याचे मोल महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. गाव गाडले गेले, तेव्हा बाहेर कळवायला कोणी उरले नव्हते. ही भीषण घटना जगाला समजली ती नेहमीच्या फेरीवर गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या जागी गाव दिसले नाही, म्हणून त्याच्या लक्षात आले. ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी कोणीतरी जाऊन पाहणे याचा अर्थ काय, हे या घटनेने दाखवून दिले. नेटची हजेरी हेच काम आवाजाने करते.

समुद्रावर या हजेरीला इतके महत्त्व का?

छोट्या शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडणाऱ्यांसाठी नेट हा अनेक दशके जगाशी असलेला रोजचा धागा राहिला आहे. १९६८ पासून चालणारे ‘मेरिटाइम मोबाइल सर्व्हिस नेट’ १४.३०० मेगाहर्ट्झवर समुद्रातील बोटींचे निरोप ऐकते. प्रशांत महासागरातील बोटींसाठी त्याच फ्रिक्वेन्सीवर ‘पॅसिफिक सीफेअरर्स नेट’ भरते. त्यात यादीतील बोटींची नावे पुकारली जातात. प्रत्येक बोट आपले अक्षांश-रेखांश, दिशा, वेग, वारा आणि बोटीवरील सर्वांची खुशाली सांगते.

या रटाळ वाटणाऱ्या नोंदींचा उपयोग बोट उत्तर देईनाशी झाली की होतो. तिचे कालचे ठिकाण, दिशा आणि वेग वहीत असतात. ती कोठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो आणि शोधपथकाला ‘महासागरात कोठेतरी’ याऐवजी एक ठरावीक टापू मिळतो. आता उपग्रह फोन आणि उपग्रहाधारित इंटरनेट स्वस्त होऊ लागल्याने समुद्रावरील रेडिओचा वापर घटत आहे. पण उपग्रह फोन एका वेळी एकाशीच बोलतो. नेटवरील मदतीची हाक मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर असलेल्या सर्वांना एकाच वेळी ऐकू येते.

आपत्तीत नेटचे रूप कसे बदलते?

नियम तेच राहतात, फक्त ते कडक होतात. अमेरिकेतील ‘हरिकेन वॉच नेट’ हे याचे ठळक उदाहरण. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ चक्रीवादळाच्या वेळी ते सुरू झाले. वादळ किनाऱ्याच्या जवळ आले की १४.३२५ मेगाहर्ट्झवर ते कार्यरत होते. वादळाच्या पट्ट्यातील हॅम हवेचा दाब, वाऱ्याचा वेग, पाणी किती चढले याची माहिती देतात आणि ती मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रापर्यंत पोहोचवली जाते. हजारो मैलांवरील बाकीच्या हॅमना एकच विनंती असते : बोलू नका, ऐका. हौशी माणसाला हीच गोष्ट सर्वांत जड जाते. तातडीच्या नेटमध्ये उत्साहाने शिरणारा अनोळखी आवाज एखादा क्षीण संकेत बुजवू शकतो.

भारतातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण २६ डिसेंबर २००४ चे. हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या वेळी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमान-निकोबारमधून हॅम प्रक्षेपणाला अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधण्यासाठी जगभरातील हॅम धडपडत होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला, त्यापाठोपाठ त्सुनामी आली. मुख्य भूमीशी नेहमीचा संपर्क तुटला. छंदासाठी उभारलेले ते केंद्र निरोपांचे केंद्र झाले. बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवरील हॅमनी उतरवून घेतले आणि घरोघरी कळवले. काही दिवसांपूर्वी केवळ गुण मोजण्यासाठी संपर्क साधणाऱ्या अनेकांनी फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवण्याचे काम केले.

त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, या सर्व प्रसंगी हॅम मंडळींनी आपत्तीग्रस्त भागातून निरोप पोहोचवले. एरवी भारतीय नियमांनुसार हॅमला तिसऱ्या व्यक्तीचे निरोप पाठवता येत नाहीत. नेहमीची दळणवळण यंत्रणा बंद पडलेल्या नैसर्गिक आपत्तीत त्याला अपवाद आहे.

येथे नेटची सवय प्रत्यक्ष कामाला येते. ‘अमुक गावात १२ जखमी, दोघांना तातडीने हलवणे आवश्यक, ओ निगेटिव्ह रक्त हवे’ हा निरोप तीन जणांच्या रिलेतून गेला तरी १२ चे २० होऊ नयेत, ‘निगेटिव्ह’चे ‘पॉझिटिव्ह’ होऊ नये, यासाठी ऐकून लिहून घेणे आणि पुन्हा वाचून दाखवणे हातात बसलेले असावे लागते. २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने प्युर्टो रिकोची संपर्क यंत्रणा उद्ध्वस्त केल्यानंतर रेडक्रॉसने अमेरिकेतील हॅम संघटनेकडे ५० प्रशिक्षित हॅम मागितले होते. यंत्रांआधी माणसे मागितली गेली, हे लक्षात घेण्याजोगे.

मर्यादा काय?

नेट सरकारी यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. त्यावरून फार तर काही निरोप दर तासाला जातात. छायाचित्रे, नकाशे, हजारो लोकांचे फोन हे त्याचे काम नव्हे. हॅमची संख्याही लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प आहे आणि ते प्रामुख्याने शहरांत एकवटले आहेत. ज्या वाडीत निरोपाची सर्वांत जास्त गरज पडेल, तेथे बहुधा एकही हॅम नसतो.

शहरांतील हॅमपुढे वेगळ्या अडचणी आहेत. सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावायला परवानगी मिळत नाही. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्यामुळे लघुलहरींवर सतत खरखर असते. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र खाली असताना वरचे पट्टे महिनोन्महिने थंड पडतात.

त्यात इंटरनेटवरून जोडलेल्या नेटची भर पडली आहे. इकोलिंक, डीएमआर यांसारख्या प्रणालींमुळे नागपूरचा हॅम हातातल्या संचावरून किंवा मोबाइलमधून लंडनशी बोलू शकतो. त्यामुळे घरात अँटेना लावू न शकणाऱ्यांची सोय झाली, परगावी शिकायला गेलेली मुले पुन्हा गावाच्या नेटमध्ये हजेरी लावू लागली. पण इंटरनेट गेले की हे दुवेही जातात. केवळ अशाच नेटवर विसंबलेल्या गटाची आपत्तीतील तयारी कागदावरच राहण्याचा धोका आहे.

नेटमध्ये सहभागी व्हायचे असेल तर?

सुरुवात ऐकण्यापासून करावी. जगभरातील अनेकांनी आपले रेडिओ इंटरनेटवर ऐकण्यासाठी खुले ठेवले आहेत. त्यांना वेबएसडीआर किंवा किवीएसडीआर म्हणतात. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते उघडून फ्रिक्वेन्सी टाकली की आवाज येतो. आशियातील एखादा रेडिओ निवडून सायंकाळी साडेपाचला १४.३२० मेगाहर्ट्झ लावून पाहता येईल. ७ मेगाहर्ट्झवर ‘एलएसबी’ आणि १४ मेगाहर्ट्झवर ‘यूएसबी’ हा पर्याय निवडावा, अन्यथा माणसांचे बोलणे बदकांच्या कलकलाटासारखे ऐकू येते.

बोलण्यासाठी मात्र परवाना अनिवार्य आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण केलेल्यांना परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम यांचा अभ्यास लागतो. जनरल श्रेणीसाठी त्याबरोबर मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स संकेतही यावे लागतात. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ संकेतस्थळावरून करता येतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्त वॉकीटॉकी घेऊन थेट बोलायला सुरुवात करणे बेकायदा ठरते. अशा संचांच्या बेकायदा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसाही बजावल्या.

परवाना मिळाल्यावर पहिल्या हजेरीची भीती सर्वांनाच वाटते. त्यासाठी काही गोष्टी उपयोगी पडतात. आधी चार-पाच दिवस ते नेट नुसते ऐकावे. कॉल साइन, नाव आणि ठिकाण कागदावर लिहून समोर ठेवावे. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोलावे, नाहीतर पहिले अक्षर कापले जाते. पुकारा झाल्यावर फक्त कॉल साइन सांगून थांबावे. पुकारले नाही तर गोंधळून जाऊ नये, पुढच्या फेरीत पुन्हा सांगावे. आपण नवे आहोत हे सांगायला संकोच करू नये, बहुतेक नेट कंट्रोल नवख्याला मुद्दाम जास्त वेळ देतात. नेटमधून मध्येच जायचे असेल तर सांगून जावे. न सांगता गेलेल्याचे नाव पुकारले जाते आणि त्याची वाट पाहिली जाते.

काही महिन्यांनी नव्या हॅमला एखाद्या दिवशी नेट चालवायला सांगतात. खरे शिक्षण तेथे होते. दहा जणांचे आवाज ओळखणे, दोघे एकदम बोलले तर आधी कोणाला घ्यायचे हे ठरवणे, लांबट बोलणाऱ्याला न दुखावता थांबवणे आणि हे सगळे चालू असताना नोंदवही भरणे. हे काम ज्याला एखाद्या निवांत रविवारी जमते, त्याला ते वीज गेलेल्या, पाऊस कोसळत असलेल्या रात्रीही जमण्याची शक्यता असते. ज्याने ते कधी केलेच नाही, त्याला महागडा संचही ऐन वेळी शिकवू शकत नाही.